तारीख आणि डोस

जानेवारी १८९७. मुंबईत प्लेग शिरून चार महिने झाले होते. आदल्या सप्टेंबरात मांडवीतला रुग्ण तपासताना डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग असल्याचे ओळखले आणि तेव्हापासून शहर रिकामे होऊ लागले. आगगाडीने, होडीने, पायी, जमेल तसे लोक गावाकडे निघाले. त्याच दिवसांत ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत वाल्डेमार हाफकिन प्लेगवरची लस तयार करत होते. १० जानेवारीला त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग दिसू लागला आणि लशीची पहिली मोठी परीक्षा तिथे झाली. तीनशेहून थोड्या अधिक कैद्यांपैकी सुमारे निम्म्यांनी लस घेतली, बाकीच्यांनी घेतली नाही. सगळे एकाच छताखाली, एकाच पाण्यावर, एकाच जेवणावर होते. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी सहा जण दगावले. टोचलेल्यांमध्ये, ज्यांना आधीच लागण झाली होती ते सोडले, तर एकही मृत्यू झाला नाही.

ही परीक्षा तुरुंगातच का झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. शहरात कुणाला लस दिली, तो पुढे कुठे गेला, जगला की मेला, याचा माग काढणे त्या पळापळीत कठीण होते. तुरुंगात मात्र माणूस सकाळी मोजला जात होता आणि संध्याकाळी मोजला जात होता. कोण टोचलेला, कोण न टोचलेला, कोण आज तापाने पडला, सगळे वहीत होते. विज्ञानाला तुरुंगाचा उपयोग झाला तो या गिनतीमुळे.

सव्वाशे वर्षे उलटली. गिनती आजही होते, दिवसातून अनेकदा होते आणि एक माणूस कमी भरला तर सगळे कारागृह जागच्या जागी थांबते. मग मनात प्रश्न येतो. ज्या जागी माणूस हरवूच शकत नाही, तिथे त्याचा उपचार कसा हरवतो? क्षयाच्या रुग्णाच्या गोळ्या चुकतात, एचआयव्हीचे औषध खंडित होते, कावीळ-ब लशीचा तिसरा डोस राहून जातो, हे सगळे जगातल्या सर्वांत काटेकोर मोजमापाच्या जागी कसे घडते?

या पुस्तकाचा विषय तुरुंगातले संसर्गजन्य आजार, त्यांचा प्रतिबंध आणि उपचार असा असला, तरी मला त्याच्या गाभ्याशी हा प्रश्न दिसतो. वाचकाने पुढची प्रकरणे वाचताना तो मनाशी ठेवावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

उत्तराचा एक धागा आकड्यांत सापडतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या १,३३० कारागृहांत ५,७३,२२० माणसे होती. जागा होती ४,३६,२६६ जणांची. म्हणजे शंभरांच्या जागेत एकशे एकतीस. ही झाली सरासरी. मोठ्या शहरांतल्या कारागृहांत चित्र याहून बिकट असते. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची मंजूर क्षमता २०२० मध्ये ८०४ होती; त्या उन्हाळ्यात तिथे तिपटीहून अधिक माणसे होती. पण गर्दीइतकाच महत्त्वाचा दुसरा आकडा आहे. या पावणेसहा लाखांत चारांतले तीन जण कच्चे कैदी होते. सरकारी कागदांत त्यांना ‘न्यायाधीन बंदी’ म्हणतात. त्यांना शिक्षा झालेली नाही. किती दिवस आत राहायचे हे त्यांना ठाऊक नसते, तुरुंगालाही ठाऊक नसते. त्यांचे आयुष्य पुढच्या तारखेवर चालते.

क्षयाचा उपचार मात्र तारखेवर चालत नाही, डोसावर चालतो. साध्या, म्हणजे औषधाला दाद देणाऱ्या क्षयाला सहा महिने लागतात: पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. कावीळ-सीला बहुधा बारा आठवडे. कावीळ-ब लशीचे तीन डोस: आज, एका महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. एचआयव्हीचे औषध रोज आणि जन्मभर. आजाराच्या या दिनदर्शिकेची कोर्टाच्या दिनदर्शिकेशी कधी गाठ पडत नाही. एखाद्याला उपचाराच्या तिसऱ्या महिन्यात जामीन मिळतो, एखाद्याची दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारागृहात बदली होते, एखादा आठवड्याभरात सुटतो आणि दोन महिन्यांनी दुसऱ्या गुन्ह्यात पुन्हा आत येतो. तुरुंगातल्या आजाराविषयी लिहिताना आपण नेहमी भिंतींबद्दल बोलतो. खरे म्हणजे बोलायला हवे ते दाराबद्दल.

आधी भिंतींच्या आत काय घडते ते पाहू. संध्याकाळ झाली की बराकी बंद होतात आणि सकाळी उघडतात. मधले बारा-तेरा तास माणसे एकाच हवेत असतात. क्षयाचे जंतू खोकल्यातून, बोलण्यातून बाहेर पडणाऱ्या अतिसूक्ष्म थेंबांवर बसून हवेत तासन्‌तास तरंगत राहतात. उघड्या अंगणात वारा आणि ऊन त्यांची वासलात लावतात. बंद बराकीत, जिथे थंडीत आणि डासांच्या दिवसांत खिडक्यांना चादरी आणि प्लास्टिक लावलेले असते, तिथे ते फिरत राहतात आणि डोके-पाय उलटसुलट करून, कुशीवर झोपलेल्या माणसांच्या फुप्फुसात उतरतात. लागण झालेल्या प्रत्येकाला आजार होत नाही. निरोगी माणसांपैकी बहुतेकांच्या शरीरात जंतू निपचित पडून राहतो. पण कुपोषण, एचआयव्ही, मधुमेह, दारू, तंबाखू आणि चिंता यांची साथ मिळाली की तो उठतो, आणि तुरुंगात येणाऱ्या माणसाच्या गाठोड्यात यातले बरेच काही आधीच असते. जगभरचे अभ्यास सांगतात की तुरुंगात क्षयाचे प्रमाण बाहेरच्या समाजाच्या सुमारे दहापट असते. त्याचे एक कारण तुरुंगात आहे; दुसरे हे की गरिबी आणि आजार एकाच वस्तीतून तुरुंगात येतात.

हा आजार शोधायचा कसा? दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप, वजन घटणे, रात्री घाम, हे चार प्रश्न नव्याने दाखल होणाऱ्या प्रत्येकाला विचारावेत हे खरेच. पण ते पुरे नाहीत. २०१९ ते २०२१ दरम्यान देशभर झालेल्या क्षयरोग पाहणीत आढळलेल्या रुग्णांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जण केवळ छातीच्या एक्स-रेमुळे सापडले. नुसती लक्षणे विचारली असती तर ते सुटून गेले असते. तुरुंगात तर लक्षण सांगणेच अवघड. खोकला बराकीतल्या निम्म्या माणसांना असतो, विडी तर जवळपास सगळ्यांची. शिवाय खोकला सांगितला तर आपल्याला वेगळे काढतील, ओळखीच्या माणसांपासून तोडतील, मुलाकात बंद होईल ही भीती. म्हणून हातात उचलून नेता येणारे एक्स-रे यंत्र बराकीपर्यंत गेले पाहिजे आणि संशयिताचा बेडका जनुकीय चाचणीला त्याच दिवशी गेला पाहिजे. यासाठी लागणारे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे लहान यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातली मोलबायो ही कंपनी बनवते. रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही, हेही ते एक-दोन तासांत सांगते. तंत्रज्ञान आता आडवे येत नाही. आडवी येते ती बहुतेकदा एका सहीची किंवा एका गाडीची वाट.

निदान झाल्यावर पहिले काही आठवडे रुग्णाला हवेशीर, वेगळ्या जागी ठेवावे लागते. हा आराम आहे, शिक्षा नाही. अंधाऱ्या कोठडीत टाकून कोणाचा क्षय बरा होत नाही, आणि शेजारचा माणूस हे एकदा पाहतो तेव्हा तो स्वतःचा खोकला गिळायला शिकतो. दुसरी गोष्ट अगदी क्षुल्लक वाटेल अशी. रिफाम्पिसिन सुरू झाले की लघवी केशरी होते. हे आधी सांगितले नाही तर दुसऱ्याच दिवशी ‘डॉक्टरने विष दिले’ अशी बातमी बराकीभर पसरते आणि गोळ्या उशाखाली जमू लागतात. तुरुंगात औषध पोहोचवण्याइतकेच त्याची गोष्ट पोहोचवणेही उपचाराचा भाग आहे.

आता दार. जामिनाचा आदेश कारागृहाबाहेरच्या पेटीत पडतो, ठरलेल्या वेळी पेटी उघडते, नाव पुकारले जाते आणि तासाभरात माणूस रस्त्यावर असतो. घाई स्वाभाविक आहे. सुटकेला एक दिवसही उशीर होणे हा अन्यायच. पण त्या घाईत औषधाची पुडी दवाखान्याच्या कपाटात राहते, क्षयरुग्णांच्या सरकारी निक्षय पोर्टलवर त्याची नोंद त्याच कारागृहाच्या नावावर राहते, आणि बाहेरच्या क्षयरोग कर्मचाऱ्याला तो सुटल्याचे कळते तेव्हा त्याने दिलेल्या पत्त्यावर कोणी नसते. अनेकांना पत्ताच नसतो. पदपथावर राहणारा, ऊसतोडीला किंवा इमारतीच्या कामावर फिरणारा, घरच्यांनी नाव टाकलेला. ‘राहणार’ या रकान्यापुढे काय लिहायचे? उपचार घेणाऱ्याला आहारासाठी सरकारकडून दरमहा मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून हजार रुपये झाली, पण ती बँक खात्यात येते, आणि ज्याचे आधार कार्ड पोलीस ठाण्याच्या जप्तीत पडले आहे त्याचे खाते उघडायला कोण जाणार? अर्धवट सुटलेला क्षय पुन्हा उठतो तेव्हा तो बरेचदा पूर्वीचा राहत नाही. तो औषधाला दाद न देणारा होऊन येऊ शकतो, आणि मग त्याचे बिल वाढते.

नवल असे की दाराची ही गोष्ट आपल्या कायद्याला ठाऊक होती. भायखळ्याच्या लसीकरणाच्या आधी तीन वर्षे, म्हणजे १८९४ साली, इंग्रज सरकारने तुरुंगांचा कायदा केला. तो कैद्यांच्या कळवळ्याने केलेला नव्हता, हे त्याची शिक्षांची प्रकरणे वाचली की कळते. तरीही त्याच्या २४व्या कलमात प्रत्येक नव्या कैद्याची तपासणी आहे, ३७व्यात आजारी दिसणाऱ्या कैद्याची खबर विनाविलंब वर कळवण्याची सक्ती आहे, ३९व्यात प्रत्येक तुरुंगात इस्पितळ आहे. ७व्या कलमात साथ आल्यास कैद्यांना तात्पुरत्या दुसऱ्या निवाऱ्यात हलवण्याची तरतूद आहे. आणि २६व्या कलमात ते वाक्य आहे जे मी दोनदा वाचले: तीव्र किंवा धोकादायक आजाराने पछाडलेल्या कैद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध सोडू नये, वैद्यकीय अधिकाऱ्याच्या मते सोडणे सुरक्षित होईपर्यंत सोडू नये. एकशे तीस वर्षांपूर्वी कोणीतरी दाराचा विचार केला होता. आपण त्याचा अर्थ आज माणसाला अडकवून ठेवणे असा करू शकत नाही आणि करूही नये. पण सुटकेचा क्षण हा वैद्यकीय क्षणही आहे, ही त्यातली समज मात्र घेण्यासारखी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतल्या २४व्या नियमात तीच समज आजच्या भाषेत येते: कैद्याची आरोग्यसेवा ही सरकारची जबाबदारी, तिचा दर्जा बाहेरच्या समाजाइतकाच, आणि एचआयव्ही, क्षय व इतर संसर्गांचा उपचार आत-बाहेर अखंड.

मग अडते कुठे? इतिहासात याचे एक कडू उत्तर आहे. इंग्लंडात १५७७ साली ऑक्सफर्डच्या न्यायसत्रात तुरुंगातून आणलेल्या कैद्यांबरोबर ताप आला आणि कोर्टात बसलेली शेकडो माणसे मेली. १७५० साली लंडनच्या ओल्ड बेलीत पुन्हा तेच झाले. लंडनच्या लॉर्ड मेयरसह न्यायासनावरचे काही जण दगावले. हा ‘तुरुंगताप’ म्हणजे उवांमुळे पसरणारा टायफस, हे कळायला १९०९ साल उजाडावे लागले. पण १७५० नंतर लगेच न्यूगेटच्या तुरुंगावर हवा खेळवणारी पवनचक्की बसली. पुढे जॉन हॉवर्ड नावाच्या चिकाटीच्या माणसाने इंग्लंडातले तुरुंग हिंडून पाहिले. त्याच्या साक्षीनंतर १७७४ मध्ये भिंतींना दरवर्षी चुना मारण्याचा आणि आजाऱ्यांसाठी वेगळ्या खोल्यांचा कायदा झाला. हॉवर्ड स्वतः १७९० मध्ये खेरसनला तापानेच गेला. तिथून फार दूर नसलेल्या ओडेसात सत्तर वर्षांनी हाफकिन जन्मले. योगायोग एवढाच. मुद्दा हा की कैदी शतकानुशतके मरत होते. पवनचक्की बसली ती न्यायाधीश मेल्यावर.

आपण हे २०२० मध्ये डोळ्यांनी पाहिले. १६ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या करोनाची स्वतःहून दखल घेतली आणि २३ मार्चला प्रत्येक राज्यात उच्चाधिकार समिती नेमण्याचा आदेश दिला. ७ मे रोजी आर्थर रोडच्या ७७ कैद्यांना आणि २६ कर्मचाऱ्यांना लागण झाल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्राने पॅरोलच्या नियमांत साथीसाठी नवी तरतूद केली, ठिकठिकाणी तात्पुरती कारागृहे उभी राहिली, हजारो कैदी तात्पुरत्या जामिनावर आणि पॅरोलवर सुटले. वर्षानुवर्षे ‘अशक्य’ असलेले काम काही आठवड्यांत झाले. २०२३ मध्ये सर्वांना परत बोलावण्यात आले आणि बराकी पुन्हा भरल्या. करोना झपाट्याने मारत होता आणि तो शिपायाबरोबर त्याच्या घरी जात होता, म्हणून तो दिसला. क्षयही शिपायाबरोबर घरी जातो. मुलाकातीच्या रांगेतून, कोर्टातल्या पेशीच्या गाडीतून, सुटलेल्या माणसाबरोबर लोकलच्या डब्यातून जातो. पण तो महिने-वर्षे घेतो, म्हणून कोणी त्याची पवनचक्की बसवत नाही. आर्थर रोडला आता साने गुरुजी मार्ग म्हणतात. त्याच रस्त्यावर मुंबई महापालिकेचे संसर्गजन्य आजारांचे कस्तुरबा रुग्णालय आहे. कारागृह आणि साथीचे रुग्णालय एकमेकांच्या इतके जवळ असूनही मधले अंतर कापायला एक गार्ड लागतो.

या गार्डबद्दल पुस्तकात बरेच काही आहे आणि ते रास्तच आहे. कैद्याला बाहेरच्या रुग्णालयात न्यायचे तर पोलिसांचे पथक हवे. बंदोबस्त, सण, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे यांतून ते मिळाले नाही की रुग्णालयाची तारीख चुकते. कोर्टाची तारीख चुकली तर विचारणा होते, दवाखान्याची चुकली तर ती फक्त चुकते. ‘गार्ड मिळाला नाही’ हे वाक्य आपल्या कारागृहांत एखाद्या रोगाच्या नावासारखे रुळले आहे. त्याचा सख्खा भाऊ म्हणजे ‘बहाणा करतोय’. काही जण खरोखर बहाणे करतात आणि काही वजनदार कैदी महिनोन्‌महिने रुग्णालयातल्या पलंगावर काढतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याची किंमत मात्र ज्याच्याकडे वजनही नाही आणि शब्दही नाहीत तो भरतो. मंडेला नियमांतला २७वा नियम सांगतो की वैद्यकीय निर्णय वैद्यकीय माणसानेच घ्यावा, दुसऱ्या कोणी तो फिरवू नये. आपल्याकडे बहाणा कोणता आणि दम्याचा झटका कोणता, हे बरेचदा रात्रपाळीचा शिपाई ठरवतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला कोणी शिकवलेलेच नाही, आणि डॉक्टर रात्री असतोच असे नाही.

रक्तातून पसरणाऱ्या आजारांची गोष्ट वेगळी. तिथे हवेऐवजी लाज आडवी येते. देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. कारागृहांतल्या पाहणीत ते सुमारे २ टक्के आढळले. दहापटीचा हा आकडा आतल्या आत वाढतो असे समजणे चूक ठरेल. यातले बहुतेक लोक आजार घेऊनच आलेले असतात. पण आतही वाटा आहेत: एकाच पात्याने दहा जणांची दाढी, सुई आणि शाईने हातावर कोरलेले नाव, चोरून आलेले इंजेक्शन, आणि ज्याचे नाव कोणी घेत नाही तो संबंध, कधी मर्जीने, कधी जबरदस्तीने. हे ‘आमच्याकडे होत नाही’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला मी एवढेच विचारेन की मग पाते वेगळे का देत नाही? स्वित्झर्लंडमध्ये १९९२ साली एका तुरुंगाच्या डॉक्टरने कैद्यांना निर्जंतुक सुया देणे सुरू केले, जगात बहुधा पहिल्यांदाच. आपल्याकडे तिहारमध्ये इंजेक्शनचे व्यसन असलेल्यांना तोंडावाटे पर्यायी औषध देण्याचा कार्यक्रम उभा राहिला. कंडोमचा प्रश्न मात्र १९९४ मध्ये न्यायालयात जाऊनही सुटला नाही. यात नीतीचा प्रश्न नाही असे मी म्हणत नाही. पण नीतीची शिकवण आणि कावीळ-सी या दोन्ही गोष्टी एकाच पात्यावरून पसरत असतील, तर पाते बदलणे स्वस्त पडते. कावीळ-सी आज बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरात पंच्याण्णवांहून अधिक जणांची बरी होते, आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात या गोळ्या फुकट आहेत. असा उपाय हाताशी असताना चाचणीच न करणे ही निव्वळ आळसाची शिक्षा आहे.

इथेच भायखळ्याचा दुसरा धडा येतो. तिथले कैदी लस घ्यायला स्वेच्छेने पुढे आले, अशी नोंद आहे. असतीलही, आजूबाजूला माणसे मरत होती. पण ज्याला दार उघडून निघून जाता येत नाही, त्याच्या ‘हो’चे वजन तोलायला वेगळा काटा लागतो. २०१७ चा एचआयव्ही कायदा माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी करू नये आणि निकाल गुप्त ठेवावा, असे सांगतो. कारागृहात गुप्तता म्हणजे काय? वेगळ्या रंगाची फाईल, दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी एचआयव्हीची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रात नेली जाणारी तीच चार माणसे, औषधाच्या रांगेतली वेगळी बाटली: हे सगळे बराकीला वाचता येते. आणि बराकीला कळले की त्या माणसाची झोपायची जागा बदलते, त्याचे ताट वेगळे होते. म्हणून संमती आणि गुप्तता या शोभेच्या कलमांत न राहता रोजच्या व्यवस्थेत उतरल्या पाहिजेत. औषध बक्षीस होऊ नये आणि शिक्षाही होऊ नये.

खरजेसारख्या आजाराबद्दल कोणी प्रस्तावना लिहीत नाही, पण कारागृहाच्या दवाखान्यात बसलेल्याला विचाराल तर रांगेत सर्वांत जास्त खाजवणारेच असतात. एकाला मलम दिले तर ते वाया जाते. सगळ्या बराकीला एकाच दिवशी, गळ्यापासून पायापर्यंत, आणि त्याच दिवशी कपडे-अंथरूण गरम पाण्यातून किंवा कडक उन्हातून काढायचे, तरच खरूज जाते. या एका आजारात तुरुंगाच्या आरोग्याचे सगळे सार आहे: तिथे एकट्या माणसाचा उपचार असा काही नसतोच. पाणी किती येते, बादल्या किती, साबण कोणाला मिळतो, संडास रात्री वाहतो की तुंबतो, हे औषधाआधीचे प्रश्न. महिलांच्या बराकीत आईबरोबर सहा वर्षांपर्यंतची मुले असतात. त्यांच्या लशींचे वेळापत्रकही तारखांच्या गोंधळात सापडते. त्या मुलांवर तर कोणताही खटला नाही.

हे पुस्तक कोणी वाचावे? कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने, जो बरेचदा एकटा असतो आणि ज्याची बदली त्याच्या नकळत होते. अधीक्षकाने आणि शिपायाने, कारण तेही त्याच हवेत आहेत. वकिलांनी, कारण जामिनाच्या अर्जात आजार हा मुद्दा असतो पण उपचार कुठे चालू राहणार याचे वाक्य नसते. तालुक्याच्या क्षयरोग पर्यवेक्षकाने, ज्याच्या दुचाकीवर शेवटी हा सगळा भार येतो. आणि मुलाकातीला येणाऱ्या आई-बहिणींनी, ज्या सिमेंटच्या आणि काचेच्या भिंतीपलीकडून ‘खोकला गेला का रे?’ विचारतात आणि तो ‘हो’ म्हणतो. लेखकांनी भाषा सोपी ठेवली आहे. जिथे डोसांचे तक्ते आहेत तिथे ते डॉक्टरांसाठी आहेत, बाकीच्यांनी ते सोडून पुढे जावे. मात्र सुटकेचे आणि बदलीचे प्रकरण कोणी सोडू नये. ते शेवटी आले असले तरी मी ते पहिले वाचा असे म्हणेन.

त्यात सुचवलेली गोष्ट साधी आहे. दाखल झालेल्या दिवसापासूनच सुटकेची तयारी करायची. उपचार सुरू करतानाच विचारायचे: बाहेर कुठे राहशील, कोणाचा फोन लागेल, कोणत्या दवाखान्यात जाशील? बदली होणाऱ्याबरोबर त्याचा कागद जायचा, आणि मागाहून टपालाने नाही. पेशीला जाणाऱ्याच्या खिशात त्या दिवसाचा डोस असायचा, कारण पेशीवरून कोणी परत येत नाही असेही होते. सुटणाऱ्याच्या हातात निदान महिनाभराची औषधे आणि बाहेरच्या केंद्राचे नाव. यासाठी नवा कायदा लागत नाही, इमारत लागत नाही.

लागते ती एक ओळ. कैदी आत येतो तेव्हा त्याची झडती होते आणि त्याच्याजवळच्या वस्तू वहीत लिहिल्या जातात: एक घड्याळ, एक पाकीट, पट्टा, मोबाईल, रोख रक्कम. सुटताना दारात ती वही उघडते, एकेक वस्तू परत मिळते आणि तो पुढे सही किंवा अंगठा करतो. एक रुपया कमी असला तर वाद होतो. त्या वहीत पट्ट्याच्या आणि पाकिटाच्या खाली आणखी एक रकाना हवा: उरलेले डोस, मिळाले, अंगठा. हाफकिनने ज्या गिनतीचा उपयोग करून घेतला तीच गिनती, फक्त दारापाशी एक ओळ पुढे सरकलेली.